हुकूमशाहीच्या इमारती आणि पोस्टरं: गावच्या शाळेत कशी दाखवायची?

प्रश्न असा आहे: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवणाऱ्या मॅडमना नववी-दहावीच्या मुलांसाठी दोन दिवसांचं प्रदर्शन करायचं आहे. विषय, हुकूमशाही राजवटी इमारती, पुतळे, पोस्टर आणि अक्षरं प्रचारासाठी कशी वापरतात. प्रोजेक्टर नाही, पैसे थोडे. त्या तीन गोष्टी विचारतात. काय आणि कसं दाखवावं? सरकारची प्रत्येक मोठी इमारत म्हणजे हुकूमशाही का, असं मुलांनी विचारलं तर काय सांगावं? आणि गावात दारोदारी स्वस्तिक असताना नाझी चिन्हाचं काय करावं?

मॅडम, तयारीला लागण्याआधी एक समज बाजूला ठेवा. खांब, घुमट आणि संगमरवर म्हणजे हुकूमशाहीची शैली, असं बहुतेक प्रदर्शनांतून मुलांच्या डोक्यात बसतं, आणि ते चूक आहे. इटलीतल्या कोमो शहरात ज्युसेप्पे तेराग्नी या वास्तुविशारदाने हुकूमशहा मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षाचं कार्यालय बांधलं (१९३२ ते १९३६). ३३.२ मीटर बाजूचा चौरस, उंची बरोबर निम्मी, १६.६ मीटर. एक खांब नक्षीचा नाही. काच, मोकळी चौकट, पांढरा दगड. आजही वास्तुकलेचे विद्यार्थी ती इमारत आदराने अभ्यासतात. तीही प्रचाराचीच होती. फॅसिझम पारदर्शक आहे, हे काचेतून सांगायचं होतं, आणि दर्शनी बाजूची अठरा काचेची दारं एकदम उघडून आतले कार्यकर्ते चौकात उतरावेत अशी सोय होती.

म्हणून शैलीच्या मागे लागू नका. प्रदर्शनाचा धागा एकच धरा: या इमारतीसमोर किंवा या पोस्टरसमोर एकट्या माणसाचं काय होतं? तो किती चालतो, कुठे थांबतो, मान किती वर करतो, त्याला काय दिसतं आणि काय दिसू दिलं जात नाही. हे सगळं टेपने मोजता येतं, आणि मोजलेलं मुलं विसरत नाहीत.

सुरुवात मैदानावर करा. बर्लिनची नवी राइख चॅन्सलरी, म्हणजे हिटलरचं सरकारी कार्यालय, त्याचा वास्तुविशारद आल्बर्ट श्पेअरने १९३८ मध्ये वर्षभरात उभी केली, चार हजारांवर मजूर पाळ्यांमध्ये लावून. जानेवारी १९३९ मध्ये ती वापरात आली. तिच्यातली संगमरवरी गॅलरी १४६ मीटर लांब होती, म्हणजे फ्रान्समधल्या व्हर्साय राजवाड्यातल्या प्रसिद्ध आरसे महालाच्या दुप्पट. परदेशी राजदूताला अंगण, दालनं आणि ही गॅलरी धरून स्वागतकक्षापर्यंत सुमारे २२० मीटर चालावं लागे, तेही गुळगुळीत दगडावरून, पायाखाली गालिचा नसताना. चुन्याच्या फक्कीने २२० मीटरची सरळ रेघ आखा. शाळेचं मैदान तेवढं नसेल तर पांदण रस्ता घ्या. शेवटच्या टोकाला एक खुर्ची, तिच्यावर एक मुलगा बसलेला, चेहरा निर्विकार, उठायचं नाही. दुसऱ्या टोकाकडून एकेका मुलाने एकट्याने चालत यायचं, धावायचं नाही, बाकीच्यांनी बोलायचं नाही. नेहमीच्या चालीने तीन मिनिटं लागतात. शंभर मीटरनंतर मुलं हात कुठे ठेवावेत या गोंधळात पडतात, काही हसतात, काहींची चाल बदलते. ज्याला भेटायचं त्याने अजून तोंडसुद्धा उघडलेलं नाही, आणि येणारा मनाने खाली आलेला असतो. हे समजलं की निम्मं प्रदर्शन झालं.

यात एक चूक नेहमी होते. सगळ्या वर्गाला एकदम चालवलं जातं. घोळक्यात हा परिणाम होतच नाही, कारण सोबत असली की अंतर जाणवत नाही. वेळ कमी असेल तर पाचच मुलांना चालवा, पण एकेकट्याने. नंतर आत जाऊन हिटलरच्या कामाच्या खोलीचं क्षेत्रफळ सांगा: जवळपास ४०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ४,३०० चौरस फूट. आपली वर्गखोली २० बाय २५ फुटांची धरली तर ५०० चौरस फूट होते. एका माणसाच्या टेबलासाठी अशा आठ खोल्यांहून जास्त जागा.

आता एक मॉडेल करा: हिटलरला बर्लिनमध्ये हव्या असलेल्या ‘लोकांच्या सभागृहा’चं. हा घुमट कधीच बांधला गेला नाही, पण आराखडे पक्के होते: व्यास २५० मीटर, टोकापर्यंत उंची २९० मीटर, आत दीड लाखांहून जास्त माणसं. आपल्याकडच्या कितीतरी तालुक्यांची अख्खी लोकसंख्या त्यात उभी राहिली असती. प्रमाण १:१००० घ्या, म्हणजे एक मीटरचा एक मिलिमीटर. तळाला पुठ्ठ्याचा चौरस डबा, बाजू ३१.५ सेंटीमीटर, उंची ७.४. त्यावर पुठ्ठ्याचं गोल कडं, आणि कड्यावर २५ सेंटीमीटर व्यासाची बांबूची टोपली पालथी. बुरूडाकडे माप सांगून करून घेतली तर नेमकी मिळते. बाजारातली टोपली तोंडाशी क्वचितच सारखी गोल असते, आणि लंबगोल टोपली ठेवली की घुमट बसका दिसतो. टोकावरचा कळस धरून एकूण उंची २९ सेंटीमीटर भरली पाहिजे, त्याप्रमाणे कड्याची उंची कमीजास्त करा. थर्माकोल कोरून घुमट करू नका. तो कापताना कडा तुटतात आणि माप बिघडतं.

आता माणूस. १.७ मीटरचा माणूस या प्रमाणात १.७ मिलिमीटरचा होतो. मोहरीचा एक दाणा घ्या आणि डब्याच्या दाराशी पांढऱ्या कागदावर फेविकॉलने चिकटवा. एकच. उत्साहाच्या भरात मूठभर मोहरी आत ओतू नका, कारण दाणा उंचीला बरोबर असला तरी रुंदीला माणसाच्या तिपटीहून जास्त भरतो आणि गर्दीचा हिशेब चुकतो. शेजारी बर्लिनचंच संसदगृह, राइखस्टाग, त्याच प्रमाणात ठेवा: मूळ घुमटासह सुमारे साडेसात सेंटीमीटर. ही दोन मॉडेलं शेजारी ठेवली की नवी राजवट जुन्या संसदेला काय समजत होती, ते वेगळं लिहावं लागत नाही.

याच मॉडेलला जोडून जमिनीची गोष्ट सांगा, ती विदर्भातल्या मुलांना चटकन कळते. आपली काळी कापसाची माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, म्हणून गवंडी मुरूम लागेपर्यंत पाया खणतो. बर्लिनची जमीनही अवजड बांधकामाच्या सोयीची नाही. वाळू, पाणी आणि दलदल. तिथेच बांधायच्या प्रचंड विजयकमानीचं वजन ती पेलेल का, हे तपासायला १९४१ मध्ये १२,६५० टनांचं काँक्रीटचं एक भरीव सिलिंडर उभं केलं गेलं. कामाला फ्रेंच युद्धकैदीही जुंपले होते. सहा सेंटीमीटरपर्यंत खचलं तर चालणार होतं. अडीच-तीन वर्षांत ते सुमारे १९ सेंटीमीटर खचलं. ते सिलिंडर आजही बर्लिनमध्ये आहे, आजूबाजूला वस्ती असल्यामुळे सुरुंग लावून पाडता आलं नाही. घमेल्यात ओली काळी माती भरून वर वीट उभी ठेवा, शेजारच्या घमेल्यात मुरूम दाबून तशीच वीट ठेवा. रात्रभरात फरक दिसतो. दर तासाला पट्टीने मोजून फळ्यावर आकडा लिहायला दोन मुलं नेमा.

मॉस्कोतही असंच झालं, फक्त कारण वेगळं. १९३१ च्या डिसेंबरमध्ये ख्राइस्ट द सेव्हियर हे मोठं चर्च सुरुंगाने उडवलं, कारण त्या जागी सोव्हिएत प्रासाद उभा राहायचा होता: बोरिस योफानच्या आराखड्यात उंची ४१५ मीटर आणि शिखरावर लेनिनचा १०० मीटरचा पुतळा. पाया झाला, पोलादी सांगाडा चढू लागला, आणि १९४१ मध्ये जर्मन फौजा आल्यावर तेच पोलाद काढून युद्धकामाला लावावं लागलं. पुढे त्या खड्ड्यात पोहण्याचा उघडा तलाव झाला आणि १९९० च्या दशकात तिथेच चर्च पुन्हा बांधलं गेलं. हा तक्ता एका कार्डशीटवर, एकाखाली एक चार चित्रं काढून करा. जास्त मजकूर नको.

दगड-विटा कुठून आल्या, हा भाग बहुतेक प्रदर्शनांत गाळला जातो. माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. १९३८ मध्ये एसएस या नाझी संघटनेने बांधकाम साहित्यासाठी स्वतःची कंपनी काढली. फ्लॉसेनबुर्ग आणि माउटहाउजेन या छळछावण्यांच्या जागा ग्रॅनाइटच्या खाणी बघून निवडल्या होत्या. माउटहाउजेनच्या खाणीतून कैद्यांना पाठीवर दगड घेऊन १८६ पायऱ्या चढाव्या लागत, आणि त्यात असंख्य माणसं मेली. बर्लिनजवळ ओरानियनबुर्गला विटांचा कारखाना काढला, तर तिथल्या ओल्या मातीला न जुळणारी यंत्रं आणि भट्ट्या घेतल्या गेल्या. पहिल्या विटांचा भुगा झाला, आणि ती मोडतोड आणि फेरबांधणीही कैद्यांच्याच अंगावर पडली. माती मुरली नाही किंवा वीट वाळली नाही तर भट्टीत काय होतं, हे ज्यांच्या घरचे वीटभट्टीवर जातात त्या मुलांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना बोलू द्या. मात्र छावणीचा प्रसंग नाटकासारखा करून घेऊ नका, मुलांच्या पाठीवर दगड देऊ नका. त्यातून दुःख कळत नाही, खेळ होतो.

विटांवरून आणखी एक. आपल्या भट्टीवाल्याची अक्षरं विटेच्या खाचेत उमटलेली असतात. तशी एक वीट टेबलावर ठेवा. इराकमध्ये १९८० च्या दशकात सद्दाम हुसेनने बॅबिलोनच्या पुरातन भिंतींवर नवं बांधकाम चढवलं आणि नव्या विटांवर स्वतःचं नाव उमटवून घेतलं, कारण अडीच हजार वर्षांपूर्वीच्या राजा नेबुकदनेझरच्या विटांवर त्याचं नाव होतं. भट्टीवाल्याचं नाव माल कोणाचा ते सांगतं. इथलं नाव इतिहास कोणाचा ते सांगतं. उत्तर कोरियाची राजधानी प्योंगयांग इथल्या जूचे मनोऱ्याचा हिशेबही असाच आहे; जूचे हे तिथल्या राजवटीच्या विचारसरणीचं नाव. १९८२ मध्ये तिथला हुकूमशहा किम इल-सुंगच्या सत्तराव्या वाढदिवसाला उभारलेला, १७० मीटरचा. त्यात २५,५५० दगड, त्याच्या आयुष्याच्या प्रत्येक दिवसाला एक, असं सांगितलं जातं. मुलांना ७० गुणिले ३६५ करायला लावा. उत्तर तंतोतंत येतं, लीप वर्षांचे जादा दिवस सोडून.

जे पाडलं गेलं त्याला एक पूर्ण भिंत द्या. रोममध्ये मुसोलिनीने व्हेनेझिया चौकापासून कोलोसियमपर्यंत संचलनाचा सरळ रस्ता काढला. १९३२ मध्ये तो खुला झाला, आणि त्यासाठी दाट वस्तीचा एक जुना भाग जमीनदोस्त केला. रोमानियाची राजधानी बुखारेस्टमध्ये हुकूमशहा चाउशेस्कूने १९८४ मध्ये प्रासादाची कोनशिला बसवली: ८४ मीटर उंच, मजल्यांचं एकूण क्षेत्रफळ ३,६५,००० चौरस मीटर. आकडा एकरात करून सांगा, नव्वद एकर. गावातलं नव्वद एकर वावर म्हणजे केवढं, ते मुलांना डोळ्यांसमोर येतं. त्यासाठी उरानुस नावाचा आख्खा मोहल्ला उठवला गेला. घर गेलेल्यांचा आकडा साधारण चाळीस हजार सांगितला जातो. मिहाई व्होडा हे जुनं चर्च पाडण्याऐवजी रुळांवरून जवळजवळ ३०० मीटर सरकवलं आणि नव्या इमारतींच्या मागे दडवलं, रस्त्यावरून दिसू नये म्हणून. ते वाचवणाऱ्या अभियंत्याचं कौतुक आहेच. पण हुकूमशहाला चर्च डोळ्यांआड झालं की पुरत होतं, हेही त्यात आहे. या भिंतीसाठी साधी युक्ती: ट्रेसिंग पेपरवर जुन्या वस्तीचा नकाशा, त्याखाली कार्डशीटवर नवा रस्ता. मुलाने कागद उचलला की वस्ती जाते.

दिल्लीचं उदाहरण अवश्य घ्या, नाहीतर हा सगळा परदेशातला रोग आहे असं वाटेल. इंग्रजांचं राज्य आपण निवडून दिलेलं नव्हतं, आणि १९३१ मध्ये उद्घाटन झालेली नवी दिल्ली परक्या सत्तेचा दरारा बसवण्यासाठीच आखली होती. रायसीना टेकडीकडे जाणारा लांबलचक सरळ रस्ता आणि टोकाला व्हाइसरॉयचं घर, म्हणजे आजचं राष्ट्रपती भवन. पण दोन्ही बाजूंची सचिवालयं टेकडीवर पुढे आणल्यामुळे चढाचा हिशेब चुकला. खालच्या चौकात आलं की घराचा खालचा भाग चढामागे बुडतो आणि फक्त घुमट दिसत राहतो. एडविन लट्यन्स आणि हर्बर्ट बेकर या दोघा वास्तुविशारदांचं त्यावरून कायमचं बिनसलं. फळीचा उतार करून त्यामागे खडूचा डबा ठेवा. डोळा फळीच्या खालच्या कडेला टेकवला की डबा अर्धा बुडलेला दिसतो. दिसणं हे मोजून ठरवलेलं असतं आणि मोजणीत चूकही होते, दोन्ही एकदम कळतं.

आता प्रकाश. १९३० च्या दशकातल्या न्यूरेंबर्गच्या नाझी मेळाव्यांत श्पेअरने विमानविरोधी सर्चलाइट दर १२ मीटरवर उभे करून आकाशात सोडले, सुमारे दीडशे. चहूबाजूंनी उजेडाचे खांब, आत माणसं काळोखात. श्पेअरनेच नंतर सांगितलं की कार्यक्रम रात्री घेण्याचं एक कारण पोट सुटलेले पक्षाचे पदाधिकारी होते. दिवसा त्यांची रांग नीट दिसत नव्हती. हे वर्गात करता येतं. घरोघरी रात्रीच्या ओलितासाठी बॅटऱ्या असतातच, दहा गोळा करा. १२ सेंटीमीटर अंतरावर उभ्या ठेवा, म्हणजे प्रमाण १:१०० होतं. प्रत्येक बॅटरीच्या तोंडाला काळ्या कार्डशीटची २० सेंटीमीटर लांब नळी बसवा, नाहीतर उजेड पसरतो आणि खांब तयार होत नाही. मोबाईलचा टॉर्च यासाठी निरुपयोगी आहे. खोली काळोखी करून दोन उदबत्त्या लावा. हवेत धूर नसेल तर झोत दिसतच नाही. दम्याचा त्रास असलेली मुलं दाराजवळ ठेवा आणि दहा मिनिटांत खिडक्या उघडा. झोत दिसल्यावर विचारा, आता खोलीतलं काय काय दिसेनासं झालं? फुटलेली फरशी, भिंतीची ओल, बाकं, शेजारी उभा असलेला मित्र. मग दिवा लावा.

पोस्टर आणि फोटोंसाठी मुलांच्या हातातला मोबाईलच पुरे. एका मुलाला बाकावर उभं करा, मोबाईल जमिनीपासून ४० सेंटीमीटरवर, अंतर दोन मीटर, मागे फक्त आभाळ. दुसरा फोटो त्याच मुलाचा, जिन्यावरून खाली बघत. दोन्ही शेजारी लावले की पहिल्यातला नेता वाटतो, दुसऱ्यातला उशिरा आलेला विद्यार्थी. मागे विजेची तार किंवा बाभूळ आली तर परिणाम फसतो, म्हणून प्रचाराचा छायाचित्रकार आधी पार्श्वभूमी साफ करतो. १९३४ च्या न्यूरेंबर्ग मेळाव्याच्या चित्रीकरणासाठी तर झेंड्याच्या खांबाला कॅमेऱ्यासाठी लिफ्ट बसवली होती.

मग खोडाखोड. सोव्हिएत गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह मॉस्को-व्होल्गा कालव्यावर हुकूमशहा स्टालिनच्या शेजारी उभा असलेला फोटो प्रसिद्ध आहे. १९४० मध्ये येझोव्हला गोळी घातली गेली, आणि फोटोत त्याच्या जागी कालव्याचं पाणी भरलं. तेव्हा हे काम हाताने, ब्रशने आणि धारदार पात्याने करावं लागे. आज मुलं ते मोबाईलवर काही सेकंदांत करतात. वर्गाच्या समूहफोटोतून एकाला काढायला लावा, त्याची परवानगी घेऊन, आणि दोन्ही प्रती लावा. स्टालिनच्या पंचवार्षिक योजनांची गाजलेली पोस्टरं करणारा गुस्ताव क्लुत्सिस यालाही १९३८ मध्ये गोळी घातली गेली, हे त्या शेजारी लिहा. राजवटीची सेवा केल्याने चित्रकार सुरक्षित होत नाही, ही गोष्ट चित्रकलेच्या वर्गात सांगायलाच हवी.

एक मोठी भिंत रोमच्या पालाझ्झो ब्रास्कीला द्या. १९३४ च्या मतदानात मतदारापुढे एकच यादी होती, हो किंवा नाही म्हणायचं. फॅसिस्ट पक्षाच्या या कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर मुसोलिनीचा राक्षसी चेहरा आणि त्याच्याभोवती ‘सी’, म्हणजे ‘हो’, हा शब्द भिंतभर लावला होता. चार बाय सहा फुटांच्या कागदावर मधोमध एक काल्पनिक चेहरा काढा आणि उरलेल्या जागेत ‘हो’, ‘हो’, ‘हो’ एकाच आकारात, एकाच अंतरावर. आखणी दोऱ्याने करा. अक्षरं वेडीवाकडी झाली तर दाब येत नाही, गंमत दिसते. चेहरा काल्पनिकच हवा. जिवंत राजकारण्याशी थोडं जरी साम्य आलं तरी पुढचे दोन दिवस त्याच वादात जातील.

अक्षरांबद्दल दोनच गोष्टी, पण त्या नीट दाखवा. जर्मन काळपट, टोकदार लिपीवळण नाझींनी आधी अस्सल जर्मन म्हणून मिरवलं. ३ जानेवारी १९४१ च्या परिपत्रकाने तेच वळण ‘ज्यू अक्षरं’ ठरवून बंद केलं, आणि त्या परिपत्रकाचा छापील मथळा त्याच वळणात होता. व्यवहारातलं कारण असं की जिंकलेल्या देशांतल्या लोकांना ती अक्षरं वाचता येत नव्हती. दुसरी गोष्ट बुखेनवाल्ड छावणीच्या फाटकाची. लोखंडी अक्षरांत लिहिलं आहे ‘ज्याचं त्याला’. ती अक्षरं आतून वाचता येतात, बाहेरून उलटी दिसतात, म्हणजे वाचक कैदीच. त्यांचा आराखडा फ्रान्झ एअरलिश या कैद्याकडून करून घेतला. तो बाउहाउसचा विद्यार्थी, आणि बाउहाउस ही कला आणि वास्तुरचनेची आधुनिक शाळा नाझींच्या दबावाखाली १९३३ मध्ये बंद पडली होती. पुठ्ठ्याची अक्षरं कापून दाराच्या चौकटीत दोऱ्याने टांगा, वाचायची बाजू खोलीच्या आत. बाहेरून येणाऱ्याला उलटी दिसतील, आत आल्यावर मागे वळून वाचता येतील.

मुलं म्हणतील, चंद्रपूरच्या गोंडकालीन वेशीवरही राजचिन्ह कोरलेलं आहे, मग फरक काय? चांगला प्रश्न आहे. वेशीवरचं चिन्ह वेशीपाशी गेल्यावर दिसे. विसाव्या शतकातली राजवट स्वयंपाकघरात आली. १९३३ मध्ये जर्मनीत ‘लोकांचा रेडिओ’ ७६ मार्कांत काढला, मॉडेल क्रमांक ३०१, कारण ३० जानेवारीला, म्हणजे ३०/१ ला, हिटलर चॅन्सलर (सरकारचा प्रमुख) झाला. लघुलहरी त्यात ठेवल्याच नव्हत्या, म्हणजे दूरची परदेशी केंद्रं सहसा लागू नयेत. खोक्याचा आकार साधा, देखणा, स्वस्त. रचनेतून माणसाला काय ऐकू येणार तेच ठरलं होतं.

मोठी सरकारी इमारत म्हणजे हुकूमशाही का, यावर सरळ उत्तर द्या: नाही. नागपूरच्या दीक्षाभूमीचा घुमटही भव्य आहे, आणि दरवर्षी तिथे लाखो लोक स्वतःच्या मनाने, स्वतःच्या पैशाने येतात. सेवाग्रामची बापूकुटी माती, बांबू आणि कवेलूंची आहे. पण साधेपणा हीसुद्धा खात्रीची खूण नाही, कारण हिटलर युथ या नाझींच्या मुलांच्या संघटनेची खेड्यांतली केंद्रं मुद्दाम लाकडाची, उतरत्या छपराची, गावच्या घरांसारखी बांधली जात. आकारावरून निकाल देऊ नका, प्रश्न विचारायला शिकवा. ज्यांची घरं गेली त्यांना हरकत घेता आली का, आणि घेतली त्यांचं काय झालं? दुसरा आराखडा होता का, तो लोकांनी पाहिला का? जिवंत नेत्याचा चेहरा किंवा नाव किती ठिकाणी आहे? भिंत रंगवू देणार नाही असं घरमालक म्हणू शकतो का? शेजारी विरोधी पोस्टर लागलं तर ते टिकतं का? खर्चाचे कागद मागता येतात का? आपल्याकडे २००५ पासून माहितीचा अधिकार आहे, ग्रामसभा आहे. मुलांना हे त्याच दमात सांगा. आणि सराव म्हणून आधी स्वतःची शाळाच मोजा. व्यासपीठ किती इंच उंच, मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दारापासून टेबलापर्यंत किती पावलं, पालकांना बसायला काय, सूचनाफलक सहावीतल्या मुलीच्या डोळ्यांच्या उंचीला आहे का. ग्रामपंचायतीची इमारत सुरुवातीला घेऊ नका. निवडणूक जवळ असेल तर अजिबात नको.

एक धोका मांडणीतच आहे. ही पोस्टरं आकर्षक असतात, ती तशीच बनवलेली असतात. तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याकडून मोठी रंगीत प्रत काढून लावली की प्रदर्शन हेच त्यांची जाहिरात होतं, आणि मुलं तिच्यापुढे सेल्फी काढतात. म्हणून मूळ चित्राची प्रत वहीच्या पानाएवढी, काळीपांढरी. तिच्या शेजारी तेवढ्याच आकाराची दुसरी चौकट: दगड कोणी फोडला, वस्ती कोणाची गेली, चित्रकाराचं काय झालं. पहिली चौकट एकटी कुठेही लावायची नाही. आणि गमतीच्या दंतकथा गाळा. रोममधल्या ‘चौकोनी कोलोसियम’ या मुसोलिनीच्या काळातल्या इमारतीच्या सहा ओळी आणि नऊ कमानी म्हणजे ‘बेनितो’ आणि ‘मुसोलिनी’ची रोमन लिपीतली अक्षरं, असं फार ठिकाणी छापलेलं असतं, मुलं नेमकं तेच लक्षात ठेवतात आणि बाकीचं विसरतात.

राहिलं स्वस्तिक. आपलं उजवीकडे वळतं आणि त्यांचं डावीकडे, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. नाझी चिन्हाच्या भुजाही आपल्या दारावरच्या नेहमीच्या स्वस्तिकासारख्याच वळतात. त्यांच्या झेंड्यावर ते ४५ अंशांत तिरकं, काळं, पांढऱ्या वर्तुळात, लाल कापडावर असे. आपल्याकडे ते सरळ, कुंकवाचं किंवा शेंदराचं, बहुधा चार ठिपक्यांसह. पण तिरकेपणावरही विसंबू नका, कारण हिटलरच्या खासगी निशाणावर ते सरळच होतं. नाझी पक्षाने १९२० मध्ये ते उचललं, आर्यवंशाच्या खोट्या सिद्धान्ताला जुनेपणाचा आधार म्हणून. त्याच्याखाली लाखो ज्यूंची कत्तल झाली, म्हणून जर्मनीत शिक्षण आणि कलेसारखे अपवाद सोडले तर ते जाहीरपणे दाखवणं गुन्हा आहे. आपल्या आजीने उंबऱ्यावर काढलेल्या चिन्हात काही दोष नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा. आणि ज्याच्या घरचे त्या झेंड्याखाली मारले गेले त्याला ते बघून काय होत असेल, हेही तितक्याच स्पष्टपणे.

प्रदर्शनात जोडलेला झेंडा लावू नका. तीन वेगळे कागद करा: ३:५ प्रमाणातला कोरा लाल, एक पांढरं वर्तुळ, आणि तिसऱ्यावर पेन्सिलच्या रेघेने नुसती बाह्याकृती, आत रंग न भरता. रंग, वर्तुळ आणि तिरका कोन यांपैकी प्रत्येकाचं काम त्याखाली दोन ओळींत लिहा: लाल दुरून दिसतो, वर्तुळ नजर मधोमध धरून ठेवतं, तिरकेपणामुळे चिन्ह फिरतंय असं वाटतं. या टेबलापाशी मोबाईल बंद, आणि एक शिक्षक सतत उभा हवा. इथला फोटो गावाबाहेर गेला तर खालच्या दोन ओळी त्याच्यासोबत जात नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आवरताना हे तीन कागद तुम्ही स्वतः उचला, मुलांच्या हाती देऊ नका.